औषध, आहार आणि आपली पंगत

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



दरवर्षी या व्यासपीठावरून आपण शिक्षण, उद्योगधंदा, विवाहातील अनाठायी खर्च अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींचे विचार ऐकत आलो आहोत. यंदा चिटणीसांनी मला आरोग्यविषयक दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. मधुमेह किंवा रक्तदाब यांविषयी मी काही सांगावे, अशी त्यांची अपेक्षा होती. मी त्यांच्या संमतीने विषय बदलून घेतला. ज्या रोगाचे नाव आपल्या घरांत अजूनही दार लावून उच्चारले जाते, त्या एच.आय.व्ही. आणि एड्सविषयी मी आज बोलणार आहे. विषय बदलण्याला एक कारण आहे, आणि ते आधी सांगितल्यावाचून पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही.

२००६ साली आपल्या विद्यार्थी वसतिगृहाकडे दहा वर्षांच्या एका मुलाचा अर्ज आला होता. त्याचे आईवडील दोन वर्षांच्या अंतराने निवर्तले होते आणि त्याच्या रक्तात हा विषाणू होता. समितीत चर्चा झाली. कोणी पालकांच्या तक्रारींची भीती दाखविली, कोणी सामायिक स्वयंपाकघराची, कोणी स्नानगृहाची. या भीतींपैकी एकीलाही शास्त्राचा आधार नव्हता आणि ते त्या खोलीत एकाच माणसाला निश्चित ठाऊक होते. तो माणूस मी. तरी मी गप्प बसलो. अर्ज नामंजूर झाला आणि इतिवृत्तात ‘जागेअभावी’ असा शेरा पडला. त्या मौनाचे ओझे मी आजवर वागविले आहे. आजचे व्याख्यान हे त्या ऋणाचा पहिला हप्ता समजावा.

रोगाचे स्वरूप

हा रोग जगाच्या दृष्टीस १९८१ साली अमेरिकेत आला. त्याला कारण असलेला विषाणू १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला. आपल्या देशात त्याचा पहिला शोध १९८६ साली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत, लागला. तो लावणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबातील कन्या होत्या. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी स्त्रियांच्या रक्ताचे नमुने जमवून तपासविले, तेव्हा त्यांपैकी सहा नमुन्यांत विषाणूची खूण आढळली. पुढे १९९३ साली त्यांनी आपल्या वडिलांच्या नावे चेन्नईत उपचार आणि संशोधनाचे केंद्र उभारले.

हा विषाणू शरीराच्या रक्षकांवरच घाला घालतो. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी सी.डी.४ नावाच्या पेशी रोगप्रतिकाराचे नेतृत्व करतात. निरोगी प्रौढाच्या एक घनमिलिमीटर रक्तात त्या साधारणतः पाचशेहून अधिक असतात. उपचार न झाल्यास वर्षानुवर्षे त्या घटत जातात. त्यांची संख्या दोनशेच्या खाली गेली की एरवी किरकोळ ठरणारे जंतूही प्राणघातक होतात. या अवस्थेला एड्स म्हणतात. तेव्हा एच.आय.व्ही. असणे म्हणजे एड्स होणे नव्हे, हा भेद प्रथम मनात ठसवावा. त्या दोहोंच्या मध्ये आज औषधाची भक्कम भिंत उभी आहे.

विषाणूच्या प्रसाराचे मार्ग मोजके आहेत : असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुया, आणि मातेकडून गर्भात, प्रसूतीत किंवा स्तनपानातून बालकाकडे. एका ताटात जेवल्याने, एका पेल्याने पाणी प्याल्याने, कपडे एकत्र धुतल्याने, एक शौचालय वापरल्याने, डास चावल्याने किंवा लेकराला उराशी धरल्याने तो पसरत नाही. रुग्णाच्या हातची भाकरी खाल्ल्यानेही पसरत नाही. १९८० च्या दशकातच हे सिद्ध झाले होते. मात्र आपल्या स्वयंपाकघरापर्यंत ते अजून पोहोचलेले नाही.

औषधाची कहाणी

पहिले औषध १९८७ साली आले. परंतु विषाणू एकट्या औषधाला लवकरच दाद देईनासा होई. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि मरणपंथाला लागलेली माणसे अंथरुणावरून उठू लागली. मात्र त्या उपचाराचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या वर होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी ही तीन औषधे वर्षाला साडेतीनशे डॉलरांत पुरविण्याची तयारी जाहीर केली आणि जगभरातील किमती कोसळू लागल्या. आपल्या मुंबईतून निघालेल्या गोळ्यांनी आफ्रिका खंडातील लक्षावधी लोक जगले, ही आपण अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून ही औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. पूर्वी सी.डी.४ पेशी ठराविक मर्यादेखाली उतरेपर्यंत थांबावे लागे. २०१७ पासून मात्र रक्तात विषाणू आढळला की पेशींची संख्या न पाहता उपचार सुरू करतात. आज बहुतेक प्रौढ रुग्णांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे एकाच गोळीत मिळतात. दिवसाला एक गोळी, ठरलेल्या वेळी, जन्मभर. जेवणाआधी वा जेवणानंतर घेतली तरी चालते. ती शासकीय रुग्णालयातील ए.आर.टी. केंद्रावर मिळते.

गोळी विषाणूला समूळ नाहीसे करीत नाही. त्याची वाढ रोखून धरते. म्हणून ती थांबली की विषाणू पुन्हा डोके वर काढतो, आणि वारंवार खंड पडल्यास त्या औषधाला जुमानेनासा होतो. महिन्याच्या तीस गोळ्यांपैकी एकही चुकू नये, हे ध्येय असावे. कधी विसर पडलाच तर आठवताच घ्यावी. दुसरी घेण्याची वेळ जवळ आली असल्यास दोन मात्र एकदम घेऊ नयेत. आरंभी सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी, व पुढे वर्षातून एकदा, रक्तातील विषाणूंची मोजणी करतात. डॉक्टरांना आणि रुग्णाला उपचाराची खरी स्थिती त्या आकड्यावरून कळते.

आता एक गोष्ट मुद्दाम सावकाश सांगतो. नियमित उपचाराने ज्याच्या रक्तातील विषाणू मोजणीत सापडेनासा झाला आहे आणि तसाच राहिला आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला हा विषाणू जात नाही. युरोपातील अनेक देशांत शेकडो जोडप्यांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. तिचे २०१६ आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष हेच सांगतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही ते मान्य केले आहे. गर्भवतीने उपचार न घेतल्यास शंभरांतील पंधरा ते पंचेचाळीस बालकांना लागण होऊ शकते. आईने वेळेवर उपचार घेतले आणि बालकाला जन्मतः औषध दिले, तर हे प्रमाण पाचाच्याही खाली येते. म्हणजे हे विवाहित, मातापिता आणि वृद्ध होऊ शकणाऱ्या माणसांचे दुखणे झाले आहे.

आहाराचे स्थान

आहाराविषयी आपल्या समाजात दोन टोकाच्या समजुती आढळतात. ‘गोळ्या आहेत, मग खाण्याचे काय एवढे?’ ही पहिली. ‘अमुक काढा, तमुक रस घ्या, गोळ्यांचे विष कशाला?’ ही दुसरी, आणि ती अधिक घातक आहे. तिचे फळ काय होते ते दक्षिण आफ्रिकेने पाहिले. २००० नंतरच्या काही वर्षांत तेथील सरकारच्याच मनात या औषधांविषयी संशय होता, आणि तेथील आरोग्यमंत्री लसूण, बीट व लिंबू यांची महती सांगत होत्या. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली हिशेब मांडला, तेव्हा २००० ते २००५ या काळात औषध देण्यातील दिरंगाईने तीन लाख तीस हजारांहून अधिक माणसे अकाली दगावली, असे निघाले. लसूण, बीट, लिंबू हे उत्तम अन्न आहे. पण अन्नाने औषधाचे काम करावे असा आग्रह धरला की असा अनर्थ ओढवतो.

मग आहाराचे खरे काम कोणते? विषाणू अंगात असताना शरीर सतत झुंजत असते आणि त्या झुंजीला इंधन अधिक लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार लक्षणे नसलेल्या प्रौढाला नेहमीपेक्षा सुमारे दहा टक्के अधिक, आणि ताप, खोकला वा अन्य आजार असताना वीस ते तीस टक्के अधिक ऊर्जा लागते. वजन घटलेल्या बालकाला तर पन्नास ते शंभर टक्के अधिक लागते. ज्याला एरवी दोन हजार कॅलरी पुरतात, त्याने दोनशे वाढवावयाच्या. मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा लहानसा खडा एवढ्यात त्या मिळतात. आजारातून उठणाऱ्याला दिवसाकाठी दोन भाकऱ्या, एक वाटी घट्ट वरण आणि एक केळे अधिक दिले की काम भागते. यासाठी परदेशी डबे किंवा महागड्या भुकट्या विकत घेण्याचे प्रयोजन नाही.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आणि गहू ही बैठक. त्यावर तूर, मूग, मटकी, चवळी. मेथी, चाकवत, शेवग्याची पाने, लाल भोपळा, पेरू, पपई, आवळा. ज्यांच्या घरी चालते त्यांनी अंडी, मासळी, मटण. नसेल तेथे दूध, दही आणि डाळ-भाताची जोडी. जीवनसत्त्वे रोजच्या अन्नातूनच मिळवावीत; त्यांच्या गोळ्या मनाने मोठ्या प्रमाणात घेऊ नयेत.

प्रतिकारशक्ती उणी असताना स्वच्छतेला पथ्याहून अधिक महत्त्व येते. पाणी उकळून गार केलेले असावे, दूध तापविलेले असावे, अंडे पुरते शिजलेले असावे. मोड आलेली कडधान्ये उत्तम, पण ती कच्ची न खाता उसळ करून खावीत. तोंड आले असेल तर तिखट-आंबट टाळून मुगाची मऊ खिचडी, पेज, शिरा किंवा कुस्करलेले केळे द्यावे. जुलाब होत असतील तर जलसंजीवनी आणि पातळ पेज घोटघोट पाजावी. अन्न बंद करू नये. भूक नसेल तर दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडेथोडे द्यावे. दर महिन्याला वजन करून वहीत टिपून ठेवावे. कारण नसताना वजन उतरू लागले किंवा खोकला, ताप, रात्रीचा घाम सुरू झाला, तर वाट न पाहता क्षयाची तपासणी करवावी. या रुग्णांचा आपल्या देशातील सर्वांत मोठा शत्रू क्षय हाच आहे. उलट पक्षी, नव्या गोळीने काहींचे वजन प्रमाणाबाहेर वाढते. त्यांनी साखर, तळण आणि बैठे जीवन यांना आवर घालावा. तंबाखू आणि मद्य सर्वांनीच वर्ज्य करावे.

एक बारकावा गृहिणींनी विशेष ध्यानात ठेवावा. लोह, कॅल्शियम किंवा आम्लपित्तावरील औषध उपाशीपोटी डोल्युटेग्राव्हिरच्या गोळीबरोबर घेतले, तर ती गोळी अंगी नीट लागत नाही. म्हणून ही गोळी त्यांच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यावी. लोह आणि कॅल्शियम जेवणाच्या वेळी तिच्याबरोबर घेतले तरी चालते; आम्लपित्ताच्या औषधाला मात्र ही सवलत नाही. गर्भवतीला लोह व कॅल्शियम दोन्ही दिले जाते, तेव्हा तिने हे डॉक्टरांना विचारून वेळापत्रक ठरवून घ्यावे. क्षयाचे औषध सुरू झाल्यासही या गोळीची मात्रा बदलावी लागते. दोन्ही ठिकाणच्या डॉक्टरांपासून काहीही लपवू नये.

वेगळे ताट

इतके सगळे सांगितल्यावर कोणी म्हणेल, औषध फुकट आहे, अन्न घरचे आहे, मग अडते कोठे? अडते ते आपल्या उंबरठ्याच्या आत.

माझ्याकडे एक विधवा भगिनी येत असत. ओळख पटेल असा तपशील मी सांगणार नाही. सासरच्या माणसांनी त्यांना घराबाहेर काढले नव्हते. ‘आम्ही तिला सांभाळतो,’ असे ते म्हणत आणि ते खोटे नव्हते. फक्त त्यांचे ताट वेगळे होते, पेला वेगळा होता आणि जेवण सर्वांचे झाल्यावर मागच्या पडवीत वाढले जाई. दुसऱ्यांदा मागण्याचा त्यांना संकोच वाटे, म्हणून वाढतील तेवढ्यावर त्या उठत. गोळ्यांची बाटली त्या तांदळाच्या डब्यात लपवीत. एकदा घरात लग्न निघाले. आठ दिवस पाहुण्यांनी घर भरलेले. डब्याला सारखे कोणाचे तरी हात लागत. ‘बाटली दिसली तर मुलीच्या सासरी कळेल’ या धास्तीने त्यांनी ती शेजारच्या गावी मैत्रिणीकडे ठेवून दिली. पुढे सणावाराला तोच प्रकार होऊ लागला. वर्षभराने वजन सात किलो उतरले आणि रक्तातील विषाणू पहिल्या औषधांना जुमानेनासा झाला होता. दुसऱ्या श्रेणीची औषधे द्यावी लागली. त्या वाचल्या; पण त्यांना विषाणूने जितके खचविले, तितकेच त्या वेगळ्या ताटाने.

बंधुभगिनींनो, पंगतीतून उठविणे ही पूर्वी ज्ञातीची सर्वांत कठोर शिक्षा होती. माणसाला वाळीत टाकणाऱ्या पंचायतींविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला आणि आपल्या मंडळाने त्याचे स्वागत केले. मग पडवीतील ते ताट निराळे काय आहे? तेथे पंच बसत नाहीत, दंड होत नाही, एवढाच फरक. या रुग्णांसाठीही २०१७ साली स्वतंत्र कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आहे. शिक्षण, नोकरी, उपचार किंवा निवास यांत एच.आय.व्ही.मुळे भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे. संमतीवाचून कोणाची स्थिती उघड करता येत नाही. अठरा वर्षांखालील बालकाला आपल्या कुटुंबाच्या घरात राहण्याचा आणि तेथील सोयी इतरांप्रमाणे उपभोगण्याचा हक्क आहे. वसतिगृहाचा तो २००६ सालचा ठराव आज झाला असता, तर केवळ निर्दय नव्हे, बेकायदेशीरही ठरला असता.

मंडळापुढे तीन सूचना

केवळ हळहळ व्यक्त करून मी खाली बसणार नाही. तीन सूचना मांडतो. येत्या सर्वसाधारण सभेत त्यांचा विचार व्हावा.

पहिली, वसतिगृहाच्या आणि शिष्यवृत्तीच्या नियमांत स्पष्ट कलम असावे की या कारणाने कोणताही अर्ज नाकारला जाणार नाही आणि रक्ततपासणीचा दाखला मागितला जाणार नाही.

दुसरी, वैद्यकीय साहाय्य निधीतून उपचार केंद्रापर्यंतचा प्रवासखर्च आणि गरजू कुटुंबांना दरमहा धान्य, डाळ व शेंगदाणे यांची मदत मिळावी. साहाय्य घेणाऱ्यांची नावे आपण वार्षिक अहवालात छापतो. ही नावे मात्र छापू नयेत. रक्कम छापावी आणि हिशेब तपासनिसांनी पाहावा.

तिसरी सूचना वधूवर सूचक विभागासाठी आहे. उभयतांनी विवाहापूर्वी स्वेच्छेने तपासणी करून घ्यावी आणि निष्कर्ष परस्परांना सांगावा, असे आवाहन करावे. मंडळाने तो कागद मागू नये, साठवू नये. सत्य लपवून लग्न लावणे हा घोर अन्याय आहे, हे मी निःसंकोच म्हणतो. परंतु सत्य सांगणाऱ्याला आपण वाळीत टाकणार असू, तर लपविण्यास आपणच शिकविले असे होईल. डॉ. सॉलोमन यांनी अखेरच्या वर्षांत आपल्या रुग्णांपैकी विवाहेच्छूंची स्थळे एकमेकांस सुचवून लग्ने जुळविली. २०१५ साली त्या निवर्तल्या. चेन्नईत एक डॉक्टर जे करू शकल्या, ते ज्या मंडळाची वधूवर सूचीच ख्यातनाम आहे त्याला अशक्य नसावे.

या सभागृहात बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी हे दुखणे नाही, असे मी मानीत नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात सुमारे पंचवीस लाख माणसे या विषाणूसह जगत आहेत आणि त्यांची संख्या आपल्या महाराष्ट्रात सर्वाधिक आहे. आकड्यांना जातीचे कुंपण नसते. ज्यांना विचारावयाचे आहे पण नाव सांगावयाचे नाही, त्यांनी १०९७ या विनामूल्य दूरध्वनीवर विचारावे. ज्यांना माझ्याकडे यावेसे वाटेल त्यांनी खुशाल यावे. मी या वेळी गप्प बसणार नाही.

त्या मुलाचे काय झाले, हा प्रश्न आपल्या मनात असेल. त्याच्या मामा-मामींनी त्याला घरी नेले. मामी फारशा शिकलेल्या नव्हत्या. त्यांनी केंद्रातील समुपदेशिकेला एकच प्रश्न विचारला : ‘आमच्या पोरांच्या पंगतीला बसवला तर चालेल ना?’ ‘चालेल’ असे उत्तर मिळाले आणि विषय संपला. रात्रीचे जेवण झाले की सर्वांसमक्ष त्या त्याच्या हातावर औषध ठेवीत. आज तो नोकरी करतो, विवाहित आहे, त्याच्या पत्नीला आणि कन्येला लागण नाही. यातील कोणतेही श्रेय आपल्या मंडळाच्या खाती जमा नाही. ते त्या माउलीचे आहे. तिने एकदा विचारून घेतले आणि मग निःशंक मनाने त्याला पंगतीला बसविले. आपणही विचारावे, आणि मग तसेच वागावे, एवढीच माझी विनंती आहे.